दूध डेअरीच्या रजिस्टरपासून डेटाबेसपर्यंत: रिलेशनल मॉडेल नव्याने शिकणाऱ्यांसाठी

डेटाबेस शिकायला बसलेला माणूस सहसा कमांडपासून सुरुवात करतो. टेबल कसं बनवायचं, माहिती कशी भरायची, परत कशी काढायची हे व्हिडिओ बघून थोड्या दिवसांत जमतंही. मग खरं काम समोर येतं आणि गाडी अडते. टेबलं किती करायची? कुठल्या टेबलात काय ठेवायचं? या प्रश्नांची उत्तरं रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत कशी मांडायची याची पद्धत) देतं, आणि नेमका तोच भाग शिकवताना घाईघाईने उरकला जातो.

मी हे शिकलो ते गावातल्या दूध संकलन केंद्राचं रजिस्टर संगणकावर आणताना. इथेही तेच उदाहरण घेतो. सकाळ-संध्याकाळ दूध घालणारे सभासद, गाईचं आणि म्हशीचं वेगळं दूध, फॅट (दुधातली चरबी) आणि एसएनएफ (चरबी सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांवर ठरणारा दर, दहा दिवसांचं बिल आणि त्यातली कपात. व्यवहार छोटा आहे, पण मॉडेलमधला जवळपास प्रत्येक मुद्दा त्यात येतो. तुमचं काम वाचनालयाचं असेल, पतसंस्थेचं असेल किंवा शाळेचं, पायऱ्या याच राहतील.

सोबत काय घेऊन बसायचं

- चालू रजिस्टर आणि किमान एका दहा दिवसांची पूर्ण झालेली बिलं
- सभासदांची यादी, सध्याचं दरपत्रक आणि त्याआधीचं एक जुनं दरपत्रक
- कोरी वही आणि पेन्सिल (पहिल्या तीन पायऱ्यांना संगणक लागत नाही)
- एसक्यूलाइट (लहान कामासाठीचं डेटाबेस सॉफ्टवेअर) आणि ते डोळ्यांसमोर बघायला डीबी ब्राउझर. दोन्ही मोफत आहेत. पुढे एकाच वेळी अनेक जण काम करणार असतील तर पोस्टग्रेएसक्यूएल हे मोठं डेटाबेस सॉफ्टवेअर
- काट्यावर रोज बसणारा माणूस, निदान तासभरासाठी. या यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

## १. आधी वाक्यं लिहा

रजिस्टरचं पान उघडा आणि त्यात कोणत्या प्रकारची विधानं नोंदली आहेत ते साध्या मराठीत लिहून काढा. बदलणाऱ्या गोष्टींच्या जागी रिकाम्या जागा ठेवा.

- सभासद क्रमांक ___ च्या उत्पादकाचं नाव ___, वस्ती ___, सभासद झाल्याची तारीख ___.
- सभासद क्रमांक ___ ने ___ तारखेला ___ (सकाळी/संध्याकाळी) ___ (गाईचं/म्हशीचं) ___ लिटर दूध घातलं. फॅट ___, एसएनएफ ___ लागला आणि पावतीवर दर ___ पडला.
- ___ तारखेपासून ___ (गाय/म्हैस) दुधाला, फॅट ___ आणि एसएनएफ ___ असल्यास, लिटरमागे दर ___.
- कपात पावती क्रमांक ___ नुसार सभासद क्रमांक ___ कडून ___ तारखेला ___ साठी ___ रुपये कापले.

प्रत्येक वाक्य म्हणजे एक टेबल. प्रत्येक रिकामी जागा म्हणजे एक कॉलम. टेबलातली प्रत्येक ओळ म्हणजे त्या जागा भरून तयार झालेलं एक खरं विधान. रिलेशनल मॉडेलचा गाभा एवढाच आहे, आणि पुढे जिथे जिथे अडाल तिथे तिथे या वाक्याकडे परत या. वाक्य धड लिहिता येत नसेल तर टेबल धड होत नाही.

ही कल्पना मांडली एडगर कॉड यांनी. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेत काम करत असताना, जून १९७० मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या काळच्या पद्धतींत नोंदी एकमेकींना धाग्यांनी बांधल्यासारख्या साठवत. हवी ती नोंद गाठायला कुठून शिरायचं आणि कोणत्या वाटेने जायचं हे प्रोग्रामला माहीत असावं लागे, आणि साठवणीची रचना बदलली की प्रोग्रामही पुन्हा लिहावा लागे. कॉड यांनी गणितातल्या संचांच्या आधारे सांगितलं की वापरणाऱ्याला फक्त टेबलं आणि त्यांतली मूल्यं दिसावीत, डिस्कवर ती कशी ठेवली आहेत हे त्याला कळायची गरज पडू नये. १९८१ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आपण आज ‘काय हवं’ एवढंच सांगतो आणि ‘कसं शोधायचं’ ते डेटाबेस ठरवतो, ती सोय तिथून आली.

## २. रजिस्टरच्या पानाची नक्कल करू नका

नवशिक्याचा पाय सगळ्यात जास्त इथे घसरतो. दहा दिवसांचं रजिस्टर आडवं आखलेलं असतं: डावीकडे सभासदाचं नाव, पुढे १ सकाळ, १ संध्याकाळ, २ सकाळ, २ संध्याकाळ अशी घरं. कागदावर ही मांडणी उत्तमच आहे, कारण डोळा एका ओळीत सगळं पाहतो. म्हणून लोक टेबलातही वीस कॉलम करतात. मग ‘या महिन्यात कुणाचं फॅट ३.५ च्या खाली गेलं?’ एवढं विचारायला वीस कॉलम एकेक करून तपासावे लागतात, आणि ३१ तारखेला दोन कॉलम कमी पडतात.

तुमचं वाक्य बघा. त्यात ‘तारीख’ ही रिकामी जागा आहे, म्हणून तारीख हे कॉलममधलं मूल्य आहे. ते कॉलमच्या नावात जाता कामा नये. संकलनाचं टेबल उभं वाढतं (आकडे नमुन्याचे आहेत):

| सभासद | तारीख | वेळ | प्रकार | लिटर | फॅट | एसएनएफ | दर |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ४७ | १ जून | सकाळ | गाय | ६.५ | ३.८ | ८.५ | ३४.२० |
| ४७ | १ जून | संध्याकाळ | गाय | ५.० | ३.९ | ८.५ | ३४.५० |
| ४७ | २ जून | सकाळ | गाय | ६.० | ३.८ | ८.५ | ३४.२० |

आणखी तीन नियम इथेच पक्के करा. एका घरात एकच मूल्य: ‘३.८/८.५’ असं एकत्र लिहू नका, दोन मोबाइल नंबर स्वल्पविराम देऊन एका घरात कोंबू नका. ओळींना ठरावीक क्रम नसतो. ‘शेवटी भरलेली ओळ म्हणजे आजची’ असं कधीही गृहीत धरू नका, क्रम हवा तेव्हा तो मागून घ्या. आणि तंतोतंत सारख्या दोन ओळी नसाव्यात, कारण तेच खरं विधान दोनदा केल्याने ते जास्त खरं होत नाही. तिसरा नियम डेटाबेस आपणहून पाळत नाही. तो पाळून घ्यायला पुढची पायरी आहे.

## ३. ओळ ओळखायची कशावरून? प्रायमरी की

ज्या कॉलमांच्या मूल्यांवरून एक ओळ नेमकी ओळखता येते, त्यांना त्या टेबलाची प्रायमरी की म्हणतात. ती ठरवायला वहीतल्या वाक्यात विचारा: यातल्या कोणत्या जागा भरल्या की बाकीच्या आपोआप ठरतात?

सभासदांच्या टेबलात उत्तर सोपं वाटतं: सभासद क्रमांक. तरीही लोक नावाकडे वळतात, आणि नाव की म्हणून अजिबात चालत नाही. एका गावात एकाच नावाचे दोन-तीन बाळासाहेब सहज निघतात. एकच आडनाव कुणी ‘सोनवणे’ लिहितो, कुणी ‘सोनावणे’. शिवाय मराठीत एक छुपा त्रास आहे. ‘बोऱ्हाडे’मधला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत) एकापेक्षा जास्त प्रकारे टाइप होतो. पडद्यावर नाव हुबेहूब सारखं दिसतं, संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावं असतात. कीबोर्ड बदलला, दुसऱ्याने नोंद केली, की शोध रिकामा येतो. मोबाइल नंबरही नको, कारण एका घरातले दोन सभासद एकच नंबर देतात. आधार क्रमांक तर नकोच. तो जपून ठेवायची माहिती आहे, ती प्रत्येक टेबलात फिरवू नये.

सभासद क्रमांकाचीही एक अट आहे: एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्याला द्यायचा नाही. वडिलांच्या पश्चात त्यांचाच नंबर मुलाला द्यायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तसं केलं की वडिलांच्या काळातलं सगळं दूध मुलाच्या नावावर दिसू लागतं.

आता संकलन. सभासद क्रमांक एकटा पुरत नाही, तारीख जोडली तरी सकाळ-संध्याकाळ उरते, आणि ज्यांच्याकडे गाय व म्हैस दोन्ही आहेत त्यांच्या एका वेळी दोन नोंदी होतात. म्हणजे चार कॉलमांची मिळून की: सभासद, तारीख, वेळ, प्रकार. इथे थांबा आणि काट्यावरच्या माणसाला विचारा: एकच माणूस एकाच वेळी गाईच्या दुधाचे दोन कॅन आणतो आणि ते वेगवेगळे मापले जातात, असं होतं का? होत असेल तर ‘खेप’ नावाचा पाचवा कॉलम लागेल. हे संगणकासमोर बसून कळत नाही.

सोयीसाठी आपोआप वाढणारा क्रमांक की म्हणून बरेच जण लावतात. लावा, पण वरच्या चार कॉलमांवर ‘युनिक’ची अट (तीच मूल्यं एकत्र पुन्हा येऊ नयेत ही अट) घालायला विसरू नका. ती नसेल तर वीज जाऊन आल्यावर तीच नोंद नव्या क्रमांकाने दुसऱ्यांदा पडते आणि डेटाबेस हू की चू करत नाही.

कपातीत असं नैसर्गिक काही नसतं. एकाच दिवशी एकाच सभासदाने पेंडीची दोन पोती वेगवेगळी नेली तर दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. म्हणून तिथे पावती क्रमांकच की.

## ४. टेबलं जोडायची मूल्यांनी: फॉरेन की

संकलनात सभासदाचं नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. तो क्रमांक सभासदांच्या टेबलात असलाच पाहिजे, ही अट म्हणजे फॉरेन की. ती घातली की ४७ ऐवजी चुकून ७४० टाइप झालं आणि असा सभासदच नसेल तर नोंद नाकारली जाते.

सापळा एक: एसक्यूलाइटमध्ये ही तपासणी मुळात बंद असते. ‘प्रॅग्मा फॉरेन कीज’ ही सूचना प्रत्येक वेळी डेटाबेसशी कनेक्शन उघडताना ‘ऑन’ करावी लागते. अट लिहिली आहे म्हणून ती पाळली जातेच असं समजू नका. मुद्दाम एक खोटा क्रमांक टाकून बघा.

सापळा दोन: ‘कॅस्केड’. सभासद काढला की त्याच्या सगळ्या नोंदी आपोआप काढा, असा त्याचा अर्थ होतो. एका डिलीटने कित्येक वर्षांचं दूध पुसलं जाईल आणि डेअरीचा एकूण हिशोब बदलेल. हिशोबाच्या कामात हे नको. सभासद बंद झाला तर त्याच्या ओळीत ‘सभासदत्व संपल्याची तारीख’ भरा, ओळ काढू नका.

## ५. एक गोष्ट एकाच ठिकाणी

पुस्तकांत या भागाला नॉर्मलायझेशन म्हणतात आणि पहिला, दुसरा, तिसरा असे नॉर्मल फॉर्म शिकवतात. व्याख्या सवडीने वाचा. कामापुरती कसोटी अशी: प्रत्येक कॉलम कीबद्दल काहीतरी सांगतो का, पूर्ण कीबद्दल सांगतो का, आणि कीशिवाय दुसऱ्या कशाबद्दल तर सांगत नाही ना?

संकलनात ‘वस्ती’ कॉलम टाकला तर तो पूर्ण कीबद्दल बोलत नाही, फक्त सभासदाबद्दल बोलतो. सभासद मळ्यात राहायला गेला की शेकडो ओळी बदलाव्या लागतील, आणि एखादी राहिली तर एकच माणूस दोन ठिकाणी राहतो असं डेटाबेस सांगू लागेल. जागा वाया जाते हा मुद्दा दुय्यम आहे. खरं नुकसान हे की दोन ओळी परस्परविरोधी बोलतात आणि कुठली खरी ते कुणालाच सांगता येत नाही.

आता अवघड प्रश्न, ज्यावर बरेच जण अडतात. दर तर प्रकार, फॅट आणि एसएनएफवरून दरपत्रकात मिळतो. मग तो संकलनाच्या ओळीत पुन्हा लिहिणं ही पुनरुक्ती नाही का?

वाक्यांकडे परत जा. दरपत्रकाचं वाक्य सांगतं: ‘अमुक तारखेपासून असा दर ठरला आहे.’ संकलनाचं वाक्य सांगतं: ‘या पावतीवर असा दर दिला.’ ही दोन वेगळी विधानं आहेत. दरपत्रक भरताना चूक झाली असेल तर ठरलेला दर आणि दिलेला दर वेगळे असू शकतात, आणि तो फरक शोधता येणं हाच तर हिशोब तपासण्याचा उद्देश आहे. म्हणून पावतीवरचा दर ठेवा. रक्कम मात्र ठेवू नका: लिटर गुणिले दर केव्हाही काढता येतं, आणि ठेवली तर कुणीतरी लिटर दुरुस्त करेल आणि रक्कम जुनीच राहील.

दरपत्रकात नवा दर आला की जुन्यावर लिहायचं नाही, नवी लागू तारीख घालून नवी ओळ टाकायची. दरपत्रकाची की लागू तारीख, प्रकार, फॅट आणि एसएनएफ मिळून होते; त्यात लागू तारीख आहे ती याचसाठी.

## ६. आकडे आणि रिकामी घरं

हा भाग थोडक्यात, पण प्रत्येक मुद्दा तपासा.

पैसे आणि लिटर दशांश अपूर्णांकात साठवताना काळजी घ्या. संगणकाच्या नेहमीच्या दशांश प्रकारात ०.१ अधिक ०.२ बरोबर नेमकं ०.३ येत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘न्यूमरिक’ प्रकार वापरा. एसक्यूलाइटमध्ये रक्कम पैशांत आणि दूध मिलिलिटरमध्ये, पूर्णांकात ठेवा.

एसक्यूलाइट अंकांच्या कॉलममध्ये अक्षरंही घेतं. कुणी मराठी कीबोर्डवरून ‘६.५’ टाकलं तर ते मजकूर म्हणून साठतं आणि बेरजेत शून्य धरलं जातं, कुठलाही इशारा न देता. टेबल बनवतानाच ‘स्ट्रिक्ट’ लिहा, मग असा मजकूर नाकारला जातो.

फॅट मशीन बंद पडलं आणि फॅट मोजलंच नाही तर घर रिकामं ठेवा, म्हणजे ‘नल’. शून्य लिहू नका, नाहीतर सरासरी खाली येईल. नल असलेली ओळ सरासरीत धरली जात नाही. पण नल कशाशीच बरोबर ठरत नाही, दुसऱ्या नलशीही नाही. ‘फॅट बरोबर नल’ असं विचाराल तर एकही ओळ येणार नाही; ‘इज नल’ असंच विचारावं लागतं. आणि ‘नॉट इन’ (म्हणजे ‘या यादीत नसलेले’) वापरताना आतल्या यादीत एक जरी नल शिरला तरी निकाल पूर्ण रिकामा येतो. तिथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरायची सवय लावून घ्या.

## ७. प्रश्न विचारायला शिका, आणि जोडणीचा सापळा

क्वेरीची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाची) मुख्य कामं तीन: हव्या त्या ओळी निवडणं, हवे ते कॉलम निवडणं, आणि समान मूल्यावरून दोन टेबलं जोडणं म्हणजे जॉइन. प्रत्येकाचं उत्तर पुन्हा टेबलच असतं, त्यामुळे एका उत्तरावर पुढचा प्रश्न विचारता येतो. मॉडेलची ताकद मला इथेच सगळ्यात जास्त जाणवते.

आता बिल काढू. सभासद ४७ चं दूध वरच्या तीन ओळींत आहे: २२२.३०, १७२.५० आणि २०५.२०, एकूण ६०० रुपये. त्याच्या कपाती दोन: पशुखाद्य १५० आणि उचल १००, एकूण २५०. हातात पडायचे ३५०.

नवशिका काय करतो? संकलन आणि कपात सभासद क्रमांकावर थेट जोडतो आणि बेरीज घेतो. जोडणीत दुधाची प्रत्येक ओळ प्रत्येक कपातीच्या ओळीला भेटते: तीन गुणिले दोन, सहा ओळी. दुधाची बेरीज दुप्पट होऊन १२००, कपातीची तिप्पट होऊन ७५०, आणि निव्वळ रक्कम ४५०. हा आकडा बघून कुणाला शंकाही येत नाही, कारण तो अशक्य वाटत नाही. शंभर रुपये जास्त गेले.

उपाय: आधी प्रत्येक टेबलाची सभासदवार बेरीज वेगळी काढा, म्हणजे प्रत्येक सभासदाची एकच ओळ उरेल, आणि मग त्या बेरजा जोडा. जोडताना सभासदांपासून सुरुवात करून ‘लेफ्ट जॉइन’ घ्या. साधी जोडणी घेतली तर ज्याची कपातच नाही तो सभासद बिलातून गायब होतो. लेफ्ट जॉइनमध्ये त्याच्या कपातीच्या जागी नल येईल, तिथे ‘कोअलेस’ वापरून शून्य धरा. नाहीतर ६०० वजा नल म्हणजे पुन्हा नलच.

## ८. जुन्या बिलाशी पैशापर्यंत जुळवा

रजिस्टर बंद करायच्या आधी एक पूर्ण झालेलं दहा दिवसांचं बिल डेटाबेसमध्ये भरा आणि प्रत्येक सभासदाची रक्कम कागदाशी ताडून पाहा. फक्त एकूण बेरीज जुळणं पुरेसं नाही, एकाचे कमी आणि दुसऱ्याचे जास्त होऊनही ती जुळते.

प्रत्येक सभासदाला काही पैशांचा फरक येत असेल तर रक्कम राउंड करायची पद्धत वेगळी आहे: कागदावर प्रत्येक पावतीची रक्कम राउंड केली जाते की फक्त शेवटच्या बिलाची, ते सचिवांना विचारा आणि क्वेरीतही तिथेच करा. एका सभासदाचा मोठा फरक येत असेल तर एखादी नोंद राहिली आहे किंवा दोनदा पडली आहे.

आणि पावतीवरचे दर ठरलेल्या दरपत्रकाशी ताडताना एकाच दिवशी सगळ्यांच्या दरात फरक दिसला, तर त्या दिवशी दर बदलला होता का ते बघा. नवा दर कधी सकाळपासून लागू होतो, कधी संध्याकाळपासून. तुमच्याकडे संध्याकाळपासून लागू होत असेल तर दरपत्रकाच्या वाक्यात नुसती तारीख पुरत नाही. वहीत तिथे ‘वेळ’ ही आणखी एक रिकामी जागा घाला, टेबलात तो कॉलम वाढवा आणि कीमध्येही घ्या.